तेरा नंबरातली तपासणी

एतवारी भूमिजला आसामातल्या निजरापार चहाबागानात सगळे चहावाली काकी म्हणत. सकाळी साडेनवाला आणि दुपारी दोनला ती खांद्यावर कावड घेऊन निघायची. कावडीच्या दोन टोकांना दोन डबे. बागानाच्या ज्या तुकड्यात, म्हणजे नंबरात, चहाच्या पातीची खुडणी चालू असेल तिथं जाऊन शिरीषाच्या सावलीत बसायचं आणि बायकांच्या लोट्यांत चहा ओतायचा. दूध नाही, साखर नाही. कोरा लाल चहा आणि त्यात सढळ हातानं मीठ. घामानं निथळणाऱ्या अंगाला मीठ लागतं, असं तिच्या आधीची चहावाली सांगून गेली होती. एतवारीच्या हातचं मीठ असं नेमकं पडायचं, की शेजारच्या टोळीतल्या बायकाही झुडपं ओलांडून तिच्याकडे यायच्या.

अकरा वर्षं रोज ऐंशी बायकांना चहा पाजला की काही गोष्टी न विचारता कळू लागतात. कुणाच्या घरी काल हाडिया, म्हणजे भाताची दारू, जास्त झाली, कुणाचं सासूशी बोलणं बंद आहे, कुणाला दिवस गेलेत. डालिमीचं तिला वैशाखातच कळलं होतं. पोरीनं पहिला घोट घेतला, डोळे गच्च मिटले, आणि कुणी बघत नाहीसं पाहून उरलेला चहा झाडाच्या मुळाशी ओतून टाकला.

डालिमी दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या बागानातून लग्न होऊन आली होती. बाविशीची असेल. नवरा रंथू केरळात प्लायवुडच्या कारखान्यात, घरात मोतीबिंदूनं जवळजवळ आंधळा झालेला सासरा. चूल पेटवायची ती एकटीच, आणि तीही फालतू. निजरापारला ही शिवी नव्हे, हुद्दा आहे. पक्क्या बाईचं नाव बागानाच्या बुकात असतं. तिला रेशन मिळतं, आजारपणाची रजा मिळते, बाळंतपणाची मिळते. फालतू बाईला पाती जोरात फुटली की बोलवायचं आणि ओसरली की घरी बसवायचं. फालतू बाईचं पोट दिसायला लागलं, की टोळीचा मुकादम मोंगला सरदार दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं नाव पुकारायचा नाही. "नंबरात काही झालं तर माझ्या डोक्यावर येईल," एवढंच म्हणायचा. मोंगला काही वाईट माणूस नव्हता. त्याची बायकोही आयुष्यभर फालतूच राहिली होती. नियम त्यानं केला नव्हता. पाळायची जबाबदारी तेवढी त्याच्यावर होती.

म्हणून डालिमीनं पोट झाकलं. ओल्या झुडपांपासून लुगडं वाचवायला खुडणाऱ्या बायका कमरेला प्लास्टिकचं जाड कापड गुंडाळतात. डालिमी ते जरा वर, छातीखालीच बांधू लागली. पाठीला टोपली, पुढं प्लास्टिक. पोट कुणाला दिसणार?

भादोच्या सुरुवातीला, करमदेवाची पूजा आठ-दहा दिवसांवर आली असताना, तेरा नंबरात दुपारचा चहा चालला होता. बाकीच्या बायका पाती-चोखा खात बसल्या होत्या: चहाची कोवळी पानं, बटाटा, मिरची, वर मोहरीचं तेल. डालिमी लोटा घेऊन आली आणि पुन्हा पुढं केला.

"तिसरा आहे हा," एतवारी म्हणाली.

"डोकं ठणकतंय काकी. तुझ्या चहानं बरं वाटतं."

एतवारीची नजर खाली गेली. डालिमी अनवाणी होती. पाय पुरीसारखे टम्म फुगलेले, घोटा कुठला नि पाऊल कुठलं कळत नव्हतं.

"चपला कुठायत?"

"शिरत नाहीत."

"कितवा चाललाय?"

"कितवा काय?"

"मला शिकवू नकोस, पोरी. वैशाखात तू माझा चहा झाडाला पाजलास. तेव्हापासून मोजतेय मी."

डालिमीनं इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सातवा."

"आणखी कुणाला माहीत?"

"रंथूला. फोनवर सांगितलंय."

"नर्स बाइदेउला?"

"तिनं नाव लिहिलं की आशाताईला कळतं, आशाताईला कळलं की बागानाच्या हापिसातल्या बाबूला कळतं. दुसऱ्या दिवशी मी घरी. बुढ्याला काय घालू, हवा?" डालिमीचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "आणि तिनं नाव लिहिलं की शेवटी त्या शहरातल्या इस्पितळातच पाठवते. तिथं मी एकदा जाऊन आलेय."

ते एतवारीला ठाऊक होतं. गेल्या वर्षी डालिमी दीड दिवस कळा देत तिथं पडली होती. सासऱ्याला आत सोडलं नाही. तिला आसामी धड बोलता येईना. विचारलेलं कळायचं नाही, आणि कळलं तरी तोंडातून उत्तर निघायचं नाही. ओरडली तेव्हा आया म्हणाली होती, "वर्षाला एक काढता तुम्ही बागानी लोक, आणि वर बोंबलता." डालिमीचं ते पहिलंच होतं. मेलेलं जन्मलं.

"शपथ घे," डालिमी म्हणाली. "कुणाला सांगायचं नाही."

"घेतली."

"करमाची."

"करमाची घेतली. आता तो लोटा ठेव खाली. पाय वर घेऊन बस घटकाभर."

पण तेवढ्यात मोंगलानं शिटी वाजवली आणि बायका उठल्या.

त्याच आठवड्यात एतवारीचा गुडघा दुखायला लागला म्हणून ती मंगळवारी मजुरांच्या लाइनीच्या टोकाच्या उपकेंद्रात गेली. सकाळचा चहा उरकून गेली, त्यामुळे पोचेपर्यंत एक वाजत आला होता. निरुपमा बाइदेउ, म्हणजे नर्सताई, खिडक्या लावत होती. ही नर्स नवी होती, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेली. शहरातून स्कूटीनं ये-जा करायची. एतवारीला पाहून तिनं एक खिडकी पुन्हा उघडली.

गोळ्या देताना तिनं सहज विचारलं, "काकी, चहा तुम्हीच पाजता ना? मीठ किती घालता?"

"दोन मुठी. एका डब्याला."

"दोन मुठी." नर्सनं पेन खाली ठेवलं. "इथं निम्म्या बायकांचं रक्त पाण्यासारखं पातळ आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणींचा रक्तदाब चढलेला. मिठानंच होतं असं मी म्हणत नाही. पण चढलेला असला, तर तुमचा चहा आगीत तेल ओततो."

एतवारीला राग आला. अकरा वर्षांत तिच्या चहाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "उन्हात आठ तास उभी राहून बघ," ती म्हणाली. "मग सांग मीठ किती ते."

निरुपमा हसली नाही, चिडलीही नाही. "खरं आहे," म्हणाली. "मी उन्हात उभी राहत नाही. पण जेठापासून या बागानातल्या दोन बायका माझ्या हातून गेल्या, काकी. दोघींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या शेवटच्या दिवशी. पायाला सूज, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे. मग झटका आला आणि संपलं. महिनाभर आधी दिसल्या असत्या तर दोघी आज पाती खुडत असत्या. माझ्याकडे येत का नाहीत कुणी? मी काय चावते?"

डालिमीचे पाय एतवारीच्या डोळ्यांसमोर होते, ते टम्म फुगलेले. पण करमाची शपथ म्हणजे करमाची. तिनं दुसरंच उत्तर दिलं.

"तू बसतेस कधी?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. दहा ते एक."

"आणि मंगळवारी-शुक्रवारी दहा ते एक आम्ही कुठं असतो?"

सहा महिन्यांत हा हिशेब निरुपमाच्या ध्यानात आला नसेल असं नाही. पण कुणी असा समोर मांडला नव्हता.

"वेळ वर ठरते," ती शेवटी म्हणाली. "माझ्या हातात नाही."

"चहाची वेळ माझ्या हातात आहे. शिटीपासून शिटीपर्यंत पंधरा मिनिटं. साहेबालासुद्धा त्यात काम सांगता येत नाही."

"नंबरात शिरायला बागानाची परवानगी लागते, काकी."

"तपासायला लागत असेल. चहा प्यायला लागत नाही. उद्या सकाळी ये, तेरा नंबरात. तुझं ते दंडाला बांधायचं यंत्र माझ्या डब्याशेजारी ठेव. एकीला बघायचं नाही, सगळ्यांना बघायचं. ओळीनं."

"सगळ्यांना का?"

"विचारू नकोस," एतवारी म्हणाली आणि गुडघा धरून उठली.

त्या रात्री तिनं मनाशी बराच वाद घातला. सांगायचं नाही अशी शपथ होती. नर्सला चहाला बोलवायचं नाही अशी नव्हती. ही पळवाट आहे हे तिलाही कळत होतं. करमाची डहाळी अंगणात रोवून नाचणारी बाई देवाला असं फसवत नाही. पण देव काही डालिमीचे पाय बघायला तेरा नंबरात येणार नव्हता.

बुधवारी साडेनवाला निरुपमा आली. स्कूटी फॅक्टरीपाशी लावून, पदर डोक्यावर घेऊन, चिखल तुडवत. बायकांनी तिला पाहून एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. एतवारीनं पहिला लोटा तिच्या हातात दिला, मग स्वतःची बाही वर सारून दंड पुढं केला.

"काय गं काकी, दंडाला फुगा बांधला," मागून एक बोलली. "आता उडशील की."

"उडाले तर तुला चहा कोण पाजेल?"

यंत्र फुसफुसलं. निरुपमानं आकडा वाचला आणि भुवया वर केल्या. "काकी, तुमचाच चढलाय."

"बघा," दुसरी म्हणाली, "स्वतःच्याच हातचं प्यायली."

सगळ्याजणी हसल्या, एतवारीही हसली, आणि त्या हसण्यानं काम सोपं झालं. एकेक दंड पुढं येऊ लागला. निरुपमा भराभर बांधायची, वाचायची, वहीत लिहायची. आठ-दहा जणी झाल्या तेव्हा डालिमी टोपली उचलून मागच्या ओळीकडे सरकायला लागली.

"डालिमी," एतवारी म्हणाली, "इकडे."

"मला काय झालंय?"

"मला काय झालं होतं? सगळ्यांचं चाललंय. ये."

आता न जाणं म्हणजेच नजरेत येणं. डालिमी आली. एतवारीकडे तिनं एकदाच पाहिलं, आणि ती नजर एतवारीला पुढं कित्येक दिवस टोचत राहिली.

निरुपमानं दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहिला. पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला बांधला. मग तिनं डालिमीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरून यायला तयार नाही. तिनं हात हळूच प्लास्टिकच्या कापडावर ठेवला, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"डोळ्यांपुढं काही चमकतं?"

डालिमी प्लास्टिकची गाठ चाचपू लागली.

"सांग गं," एतवारी म्हणाली.

"काल संध्याकाळपासून," डालिमी पुटपुटली.

"वरचा आकडा एकशे बहात्तर आहे," निरुपमा एतवारीला म्हणाली. आवाज शांत, हात पिशवीत गोळी शोधत. "हिला आजच्या आज इस्पितळात न्यायला हवं. आत्ता."

बायकांचं हसणं थांबलं. आणि नेमका तेव्हाच मोंगला सरदार शिटी वाजवायला आला. जमलेला घोळका, मध्ये नर्स, जमिनीवर बसलेली डालिमी आणि सुटलेलं प्लास्टिक. काही सांगायची गरजच उरली नाही.

"सातवा महिना?" तो म्हणाला. "आणि माझ्या नंबरात तीन-तीन खेपा टोपल्या वाहतेय?"

डालिमी उठली आणि झुडपांच्या ओळीत जाऊन खाली बसली. एतवारी तिच्या मागं गेली.

"शपथ घेतली होतीस तू."

"सांगितलं नाही मी."

"सांगायचं राहिलं काय?" डालिमी रडत नव्हती. पायाजवळची पानं ओरबाडून चुरत होती. "उद्या तो माझं नाव पुकारेल? बुढ्याला तू जेवायला घालशील?"

"घालेन. माझी सून दोघांचा भात टाकते तिथं तिघांचा टाकेल."

"मी तिथं जाणार नाही. मरायचं तर इथं मरेन, माझ्या माणसांत. तिथं कुणाला काय विचारलं कळत नाही, काय सांगायचं कळत नाही. आईवरून बोलतात. मग कापडात गुंडाळून हातात देतात."

एतवारी तिच्या शेजारी ओल्या मातीत बसली. गुडघा कळवळला. मरणाची भीती घालायची तिच्या जिभेवर आली होती. पण ही पोर मरणाला भीत नाही हे तिला दिसत होतं. तिला भीती तिथं एकटं पडण्याची होती.

"मी येते," ती म्हणाली.

"दारात बसवतात बरोबरच्या माणसाला."

"दारात नाही. आत. तुझ्या खाटेला खेटून. विचारतील ते मी सांगेन. तीस वर्षं बाजारात आसामी बाईशी घासाघीस केलीय, भाषा येते मला. आणि कुणी आईवरून बोललं तर त्याचं मी बघेन."

"आणि तुझा चहा?"

"चहा कुणीही उकळेल."

असं म्हणताना तिला बरं वाटलं नाही, पण म्हणाली.

निरुपमानं फोन लावला होता. रुग्णवाहिका यायला तयार होती, पण नंबराच्या वाटेवरची मोरी खचलेली. गाडी फॅक्टरीच्या फाटकापर्यंतच येणार. तिथपर्यंत अडीच मैल. डालिमीला चालवायचं नाही, असं नर्सनं बजावलं. घोळक्यात कुणी म्हणालं दोघी-तिघी मिळून उचलू, कुणी म्हणालं कावडीला झोळी बांधू.

मोंगला इतका वेळ शिटी हातात धरून उभा होता. तो वळला आणि पाती न्यायला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला म्हणाला, "रिकामी कर ट्रॉली."

"वजनकाट्याची वेळ झालीय, सरदार. बाबू बोंबलेल."

"पाती नंतर जाईल. बाबूला मी बघतो."

पातीच्या रिकाम्या पोत्यांवर निजवून डालिमीला फाटकापर्यंत नेलं. तिचं डोकं एतवारीच्या मांडीवर होतं. वाटेत ती एवढंच बोलली, "बुढ्याला डोळ्यांत थेंब घालायचे असतात, दोन वेळा."

इस्पितळात पहिल्या दारावरच अडवलं. निळ्या साडीतली एक आया हात आडवा धरून म्हणाली, "बरोबरच्यांनी बाहेर."

"हिला तुमची भाषा येत नाही," एतवारी आसामीत म्हणाली. "डॉक्टर विचारतील ते मी सांगणार."

"सगळेच असं म्हणतात. बागानी लोकांना शिस्त म्हणून नाही."

एतवारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. ही गेल्या वर्षीचीच होती की दुसरी, कोण जाणे. डालिमीनं मान फिरवली होती. भांडायला एतवारी कमी पडली नसती. पण भांडण इथं आणि खाट आत, हेही तिला दिसत होतं.

"नाव काय बाई तुझं?"

आया गोंधळली. "कशाला?"

"मी एतवारी. आता काही दिवस तुझं-माझं तोंड दिसणार. नाव नको?"

"पूर्णिमा," ती अनिच्छेनं म्हणाली.

"पूर्णिमा, ही माझी सून आहे." हे खोटं होतं. "गेल्या खेपेला इथून रिकाम्या हातानं गेली. म्हणून मी आत जाते. तुझ्या कामात पाय घालणार नाही; काही उचलायला, पुसायला लागलं तर मला हाक मार."

तेवढ्यात मागून डॉक्टरीणबाई आल्या, निरुपमानं दिलेला कागद वाचला, आणि "कोण हिच्याबरोबर? या आत," म्हणून पुढं गेल्या. आडवा हात खाली आला.

बाळंत होण्याआधीच डालिमी तिथं सोळा दिवस होती. रक्तदाब उतरवायची औषधं, झटका येऊ नये म्हणून सुया, बाळाच्या फुप्फुसांसाठी वेगळ्या सुया. रक्त फार कमी निघालं. दोन बाटल्या चढवायच्या, आणि त्याच्या बदल्यात कुणीतरी द्यायचं. रविवारी मोंगला सरदार लाइनीतल्या एका गड्याला घेऊन आला, दोघांनी रक्त दिलं, मिळालेलं केळं खाल्लं आणि बस धरून परत गेले. करमपूजाही त्या दिवसांतच झाली. ढोलकीचा आवाज काही इस्पितळापर्यंत येत नव्हता. एतवारी खाटेखाली चादर टाकून निजायची. सकाळी पूर्णिमाला नावानं हाक मारायची, कोरा चहा आणून द्यायची, बादल्या उचलू लागायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्णिमानं आपणहून डालिमीची उशी सारखी केली. मायेनं नव्हे, वाटेत आली म्हणून. पण केली.

सोळाव्या दिवशी सकाळी रक्तदाब पुन्हा चढला आणि डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन ठरवलं. मुलगी झाली. पावणेदोन किलोचीही नव्हती. हाताची बोटं मोहरीच्या शेंगांएवढी. रडली मात्र.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. डालिमीला दोन दिवस उठता येईना. तिसऱ्या दिवशी तिथली नर्स म्हणाली, बाळाला आता माणसाच्या अंगाची ऊब हवी, उघड्या छातीशी धरायचं, तासन्‌तास. आई अजून अशक्त, दुसरं कोण आहे?

एतवारीनं चोळी सोडली. साठीला टेकलेली ती बाई, छाती सुकलेली, खांद्यावर कावडीचे घट्टे. त्या छातीवर तो इवलासा जीव उताणा हात टाकून निजला. एतवारी हलली नाही. दुपारभर तशीच बसून राहिली. स्वतःच्या सहा बाळंतपणांत तिला एवढा वेळ कधी मिळाला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात टोपली पाठीवर यायची. बाळाचा श्वास कधी थांबल्यासारखा व्हायचा, मग सुरू व्हायचा, आणि तोवर तिचाही थांबलेला असायचा.

शेजारच्या खाटेवरून डालिमी बघत होती.

"काकी," ती म्हणाली, "शपथेचं माझ्या मनात आहे अजून."

"असू दे."

"राग जाईल की नाही, माहीत नाही."

"नाही गेला तरी चालेल. तू बरी हो म्हणजे झालं."

डालिमीनं उशीवरून मान जरा उंचावली. मग म्हणाली, "तिची मान जरा उजवीकडे कर. तिकडून दूध ओघळलंय."

परत आल्यावर काय होणार हे एतवारी जाणून होती, आणि तसंच झालं. न सांगता एवढे दिवस गैरहजर राहिली म्हणून बाबूनं चहाचं काम दुसरीला दिलं होतं. एतवारीच्या हातात कोयता आला. झुडपांखालचं तण कापायचं काम. कमरेतून वाकून दिवसभर. पहिले काही दिवस दोनच्या चहाला ती रांगेत बसली आणि दुसऱ्याच कुणाच्या हातचा चहा घेताना तिला भारी अवघडल्यासारखं झालं. नवी चहावाली पोर भली होती. तिनं विचारलं, "काकी, मीठ बरोबर पडलं का?"

"एका डब्यात घालूच नकोस," एतवारी म्हणाली. "पोटुशींना आणि माझ्यासारख्यांना त्यातला दे. पुचाट लागेल. शिव्या देतील. दे."

बायकांनी शिव्या दिल्याच. बिनमिठाचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, असं त्यांचं मत होतं. पण गोरखी नावाची एक पोर, जिला पाचवा लागला होता, तो नाक धरून पिऊ लागली.

निरुपमाचं तेरा नंबरातलं येणं बाबूला कळलं तेव्हा बरीच तक्रार झाली. पुढं काय घडलं ते नीट कुणालाच माहीत नाही. म्हणतात की मोंगलानं छोट्या साहेबांना जाऊन सांगितलं, बाई नंबरात मेली तर पंचनाम्याला दिवस जातो, दंडाला पट्टा बांधायला पंधरा मिनिटं. ज्याला जी भाषा कळते तीत बोलावं, असं मोंगला म्हणायचा. महिन्यातून दोन बुधवार नर्सला चहाच्या वेळी नंबरात यायची लेखी परवानगी मिळाली. फालतू बाईचं पोट दिसलं की काम बंद, हा नियम मात्र जसाच्या तसा राहिला. त्यावर अजून भांडण चालू आहे. बायकांच्या बैठकीत दर वेळी निघतं आणि दर वेळी पुढं ढकललं जातं.

डालिमीला त्या हंगामात पुन्हा काम मिळालं नाही. एतवारीच्या सुनेनं कुरकुर करत का होईना, पण बुढ्याचा नि डालिमीचाही भात टाकला. पुढं रंथूनं केरळातून पैसे पाठवले तसं घर उभं राहिलं. संक्रांतीच्या टुसूपूजेला तो आला तेव्हा मुलगी साडेचार किलोची झाली होती. नाव ठेवलं जोनाकी. त्यानं तिला उचलून घ्यायला दोन दिवस लावले. पडेल म्हणून भ्यायचा. बुढा सासरा तिच्या तोंडावरून बोटं फिरवून ती कुणासारखी दिसते ते सांगायचा, आणि रोज वेगळंच सांगायचा.

फागुनात गोरखीचे दिवस भरले. तिची सासू इस्पितळात जायला तयार नव्हती. दारात बसायला लागतं म्हणाली. सकाळी एतवारी कोयता घेऊन कामावर निघाली तर अंगणात डालिमी उभी, धुवट लुगडं नेसलेली, कडेवर जोनाकी.

"हिला तुझ्या सुनेपाशी ठेवतेय संध्याकाळपर्यंत. गोरखीबरोबर मी जाते."

"तुला भाषा येत नाही."

"एवढे दिवस काय बहिरी होते का? 'दुखतंय' येतं, 'पाणी' येतं, 'डॉक्टरीणबाईंना बोलवा' येतं. पूर्णिमाला नावानं ओळखते. आणखी काय लागतं?"

एतवारीनं जोनाकीला घेतलं. पोर जड झाली होती. डालिमी फाटकाकडे भराभरा चालत गेली. गोरखी तिथं भिंतीला टेकून वाट बघत होती. डालिमीनं तिच्या हातातलं गाठोडं आपल्या हातात घेतलं आणि दोघी रस्त्याला लागल्या.